धोट्याचा मुका

डेलिया थिबो मागापाशी तडफडून मेली, तरी मालकाने बाकीचे माग थांबवले नाहीत. अमेरिकेतल्या फॉल रिव्हरच्या कापडगिरण्यांत बाई मेली तर मेली, कापड अडता कामा नये! फळ्यांची जमीन तशीच थरथरत होती.

संपवाल्यांनी बोलावलेला खासगी गुप्तहेर मॅलकी क्रेहन आत शिरला, तेव्हा शेजारच्या मागावरच्या झुझाना कुल्पाला बेड्याही पडल्या होत्या. आज दुपारी डेलिया माग बंद करणार आणि तिच्यामागून सगळे, असा बेत होता. झुझानाला संप नको होता. त्यावरून दोघींचं काल कडाक्याचं भांडण झालं आणि आज हिनेच डेलियाला चहा दिला. फाशीला एवढं पुरे होतं.

क्रेहनचा दोस्त, औषधविक्या ऑटो ब्राँड, प्रेतावरून उठला. "जालीम विष आहे. ओठांवर भुकटी चिकटलीय बघ. चहा तपासला असता, पण पेला फुटून सगळा फळ्यांत जिरला. सरळ प्रकरण आहे, लेका. चल जेवायला."

"ओठांवरची भुकटी कोरडी आहे?"

"अगदी कोरडी. का?"

क्रेहन झुझानाकडे वळला. मागांच्या खडखडाटात ओरडूनच बोलावं लागत होतं.

"चहा कशाला दिलास, बाई?"

"भांडण मिटवायला! संप झाला तर माझ्या पोरीचं दूध तुटेल, म्हणून बोलले हो तिला नाही नाही ते. पण तिने घोटही घेतला नाही. म्हणाली, निवू दे, तोवर सुताची कांडी बदलते."

डेलियाचा भाऊ मोईज कांड्यांची टोपली घेऊन खांबाला टेकला होता.

"टोपली माझीच, साहेब. ताईने घेतल्या, हिनेही त्यातल्याच घेतल्या."

"आणि कांडी ज्यात बसवायची, तो तिचा धोटा?"

"तो सकाळी मी घासून दिला," मागांचा फिटर हॅस्लम मध्येच म्हणाला. हा इंग्लंडातल्या लँकेशायरचा. "माझं कामच ते. सोमवारपासून मात्र दुसरा फिटर शोधा म्हणावं. संप टळला तर मी मुकादम होतोय."

खांबावर तारेचा एक आकडा टांगला होता. "हा कशाला?" क्रेहनने विचारलं.

"धोट्याच्या भोकातून धागा ओढायला. पण तो म्हाताऱ्यांसाठी!" हॅस्लम हसला. पुढचे दात नव्हतेच. "खरा विणकर धोट्याचा मुका घेतो. ओठ लावायचे, श्वास आत ओढायचा, धागा बाहेर. दात त्यातच गेले माझे, पण आकड्याला हात लावला नाही कधी."

क्रेहन कुठेतरी गेला आणि तीन धोटे घेऊन आला.

"हे डेलियाच्या मागावरचे. जरा धागा ओवून दाखवा."

"हे काय खूळ!" ऑटो पुटपुटला.

झुझानाने बेड्यांसकट धोटा तोंडाशी नेला. सुर्रकन धागा आला. मोईजनेही डोळे पुसत ओवला. हॅस्लमने धोटा हातात फिरवला आणि खांबावरचा आकडा काढला.

"काय हो? म्हातारे झालात?" क्रेहनने विचारलं.

हॅस्लमचा हात तिथेच थांबला.

"चहातलं विष ओठांवर कोरडं कसं राहील, ऑटो? ती चहा प्यायलीच नाही. तिने कांडी बदलली आणि धोटा तोंडाला लावला. कांड्या झुझानानेही वापरल्या, ती धडधाकट आहे. उरलं धोट्याचं भोक. सगळ्या खात्याला वाटतं विष चहात होतं, म्हणून धोट्याला कुणी भ्यालं नाही. भ्याला हा एकटाच."

"अकरा वर्षं तेलात लोळतोय मी," हॅस्लम घोगऱ्या आवाजात म्हणाला. "ती बया एका दुपारीत सगळं बुडवणार होती."

ऑटो पांढराफटक पडला. "अरे, मग तू ते धोटे यांच्या तोंडात दिलेस?"

"ते कोठारातले कोरे. तिचा माझ्या रुमालात आहे. तपास, मग जेवू."

बेड्या निघाल्या. झुझाना मनगटं चोळत आपल्या मागाशी गेली. पोरीच्या दुधाची भीती तिच्या तोंडावर तशीच होती. तिने डेलियाच्या बंद मागाकडे एकदा पाहिलं आणि दांडा खाली ओढून आपला माग बंद केला.

शेजारचा माग थांबला. मग त्याच्या पलीकडचा. रांगेमागून रांग थांबत गेली आणि त्या खात्यात पहिल्यांदाच एका माणसाचं रडणं ऐकू आलं. मोईज मघापासून रडत होता.