चामटोलीची चौदा पोती

गोदामाचं कुलूप शाबूत होतं आणि आतली बियाण्याची चौदाही पोती गेली होती.

"चोर धरून ठेवलाय, मॅडम," विष्णुपंत म्हणाले. शेतकरी गटाचे ते अध्यक्ष. "पुरावाही तयार आहे."

चोर म्हणजे पदू. डोंगरावरच्या वाडीतला, सतरा वर्षं गोदामाचा राखणदार. भिंतीशी उकिडवा बसला होता, गाल सुजलेला. कोणी मारलं, हे उपनिरीक्षक स्वप्नाली भोईरला विचारावं लागलं नाही. विष्णुपंत अजून हात चोळत होते.

पेरणी आठ दिवसांवर होती. ते जुनं लाल भात आसपास कुणाकडेच उरलं नव्हतं. बी गेलं तर वाणच गेला.

पुरावा अंबरनाथच्या महेशच्या मोबाइलमध्ये होता. गोदामाची वही बंद करून गटाच्या गळ्यात ब्लॉकचेन त्यानेच बांधली होती.

"नोंद एकदम शेकडो कॉम्प्युटरवर जाते, मॅडम. मग कुणाच्या बापाला खोडता येत नाही. हे बघा, चौदा मे, सकाळी अकरा. पदूचं कार्ड लागलं, वजन झालं, माल आउट."

"कार्डं कोण बनवतं?"

"मीच."

"आणि वजन?"

"काट्यावर दिसतं ते हाताने टाकायचं. जानेवारीत मी टाकलं, या वेळी पदूने."

स्वप्नालीने यादी पाहिली. पहिलं पोतं : जानेवारीत आत ४०.२० किलो, मेमध्ये बाहेर ४०.२०. दुसरं : आत ३९.८५, बाहेर ३९.८५. तिने चौदाही ओळी वाचल्या.

"यातून तुम्हाला काय मिळतं?"

महेश खुलला. "प्रत्येक पोत्याचं डिजिटल सर्टिफिकेट विकतो. जगात एकच नग. हौशी लोक घेतात. हा त्यांचा ग्रुप."

ग्रुपमध्ये महेश सोडून बेचाळीस जण होते. शेवटचा मेसेज होता : 'रविवारी आम्ही सगळे आपापलं पोतं बघायला येतोय.'

ती पदूकडे वळली. "पदूदादा, चौदा तारखेला कुलूप उघडलं होतं?"

"नाय. मी दारातच व्हतो. धा तारखेला भाचीच्या लग्नाला गेलतो, तेवढाच."

"दहाला किल्ली कोणाकडे होती, विष्णुपंत?"

"माझ्याकडे. महेशने दुपारभर नेली होती, मशीन तपासायला."

"म्हणजे दोघांच्याही हातात होती. पोती दहालाच गेली. नोंद चौदाला झाली, पदूदादा परत आल्यावर, त्यांच्या नावाने."

"कशावरून?" महेशने विचारलं.

"जानेवारीत भरलेलं भात मेपर्यंत वाळतं. पोत्यामागे किलोभर तरी घटतं. यादीत छटाकभरही घट नाही. पोती काट्यावर चढलीच नाहीत, आतले आकडे बाहेर उतरवले. विष्णुपंतांनी चोरी केली असती तर किलोभर कमीच लिहिलं असतं. त्यांचा जन्म भातात गेलाय. ही चूक भात फक्त ताटात बघणाऱ्याची. आणि पदूदादांच्या नावाचं दुसरं कार्डही तोच बनवू शकतो."

महेशने मोबाइल परत घ्यायला हात पुढे केला. तिने तो दिला नाही.

"पोती चौदा, मालक बेचाळीस. एकच नग तू तिघातिघांना विकलास. रविवारी ते समोरासमोर आले असते. पोतीच नाहीशी झाली, आणि चोर वाडीतला निघाला, की सगळे पदूदादांना शिव्या देऊन घरी जाणार. तुझ्या शेकडो कॉम्प्युटरांनी तुझी थाप जपून ठेवली, बस. एकालाही भात वाळतं हे ठाऊक नव्हतं. पोती कुठे आहेत?"

"उल्हासनगरला. भाड्याच्या गाळ्यात," महेश पुटपुटला.

संध्याकाळी टेम्पो पोती घेऊन आला. तोंडं शिवलेली होती, बी कोरडं होतं. विष्णुपंतांनी घसा खाकरून किल्ली पुढे केली.

"झालं गेलं विसर, पदू. घे."

पदूने किल्लीकडे पाहिलंही नाही.

"सतरा वर्सं राखलं, तरी माजा शबूद इचारला नाय तुमी. मोबाइलला इचारलात. आता त्यालाच बसवा राखणीला."

खांद्यावर टॉवेल टाकून तो वाडीच्या वाटेला लागला. विष्णुपंतांनी दोनदा हाक मारली. तो थांबला नाही.