आहे तसंच

निद्रागृहातली खाट कुणाच्या सांगण्यावरून रिकामी होत नसे. पूर्वी व्हायची. डोंगराच्या पोटातल्या त्या बोगद्यात, ज्यांच्या दुखण्यावर आज औषध नाही अशांना उद्याच्या औषधाच्या आशेवर झोपवून ठेवत. शरीर इतकं गार करायचं, की हृदयाचा ठोका मिनिटाला जेमतेम एकदा पडावा. याला शीतन म्हणत. खाटा मोजक्या आणि दाराशी रांग कायमची. कुणाचं शीतन बंद करायचं, म्हणजे कुणाला मरू द्यायचं, यावरून नातेवाइकांनी डॉक्टरांच्या गचांड्या धरल्या, डॉक्टरांची झोप उडाली.

तेव्हा डॉ. यामिनी सबनीस यांनी जागरांक शोधला. माणूस धडधाकट जागा होण्याची शक्यता शंभरात किती, ते सांगणारा आकडा. सिस्टर तो रोज सकाळी तक्त्यात भरत आणि तक्त्यामागचा मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणारी आज्ञावली, एकेक ओळ वाचे. अंक दहाच्या खाली असेल तर शीतन बंद, नाहीतर चालू. सुंठीवाचून खोकला गेला! कुणाला तोंडानं काही म्हणावं लागेना.

त्या सकाळी मॅक्रो मध्येच अडकला. पडद्यावर पाटी आली, टाइप मिसमॅच, म्हणजे आकड्याच्या जागी भलतंच काही आहे. आत एकही खाट रिकामी नव्हती आणि बाहेर रुग्णवाहिकेत मेंदूज्वर झालेली एक तरुण मुलगी होती. दुपारच्या आत तिला गार केलं नाही तर ती हाती लागणार नव्हती.

डॉक्टरांनी ओळ शोधली. दत्ताराम खोत. आकड्याच्या चौकटीत दोन शब्द होते : आहे तसंच.

"हे काय, प्रेमा?"

प्रेमा सिस्टरनं शेजारी उभ्या असलेल्या बाईकडे बोट केलं. उत्तर दत्तारामच्या बायकोनं, इंदूबाईंनी दिलं. "मीच सांगितलं त्यांना. आजाऱ्याचं कुणी विचारलं तर आमच्यात आहे तसंच म्हणतात. वाईट तोंडातून काढू नये."

"पण यंत्राला ते कळत नाही, इंदूबाई. त्याला विचारलंय, दहापेक्षा कमी का? शब्दाची तुलना दहाशी कशी करणार? म्हणून ते थांबलंय."

"थांबलंय ते बरंच की."

डॉक्टरांनी सिस्टरला खुणेनं आकडा विचारला. सिस्टरनं सात बोटं दाखवली.

सात लिहिलं असतं तर काम तिथंच संपलं असतं. पण इंदूबाई शेजारी उभ्या होत्या. डॉक्टरांनी अटच दुरुस्त करायला घेतली. आकडा असेल आणि तो दहापेक्षा कमी असेल तर, असं लिहून मॅक्रो चालवला. पुन्हा तीच पाटी.

"आता का?" इंदूबाईंनी विचारलं.

"आपण पहिली अट चुकली की दुसरी बघत नाही. हा मॅक्रो मात्र दोन्ही तपासल्याशिवाय राहत नाही. आता अटीच्या पोटात अट घालते. आधी एवढंच, आकडा आहे का? असेल तरच पुढचं."

"आणि नसंल तर?"

डॉक्टरांची बोटं तिथंच थांबली होती. 'नाहीतर'पुढची जागा रिकामी होती.

"मग माणसाला विचारावं," इंदूबाई म्हणाल्या. "त्यात काय एवढं?"

दुसरं काही सुचेना. डॉक्टरांनी तसंच लिहिलं. मॅक्रो सुरळीत चालला, दत्तारामच्या ओळीवर आला आणि त्यानं विचारलं : शीतन चालू ठेवायचं? हो की नाही?

"तुमच्या हातात आहे, बाई," इंदूबाईंनी हात जोडले. मग त्यांना तिथं उभं राहवेना. त्या काचेपाशी गेल्या आणि बोगद्यातल्या आपल्या माणसाच्या खाटेकडे बघत राहिल्या.

डॉक्टरांनी बोट 'हो'वर नेलं, मग 'नाही'वर. 'हो' म्हणावं तर ती मुलगी जाणार. 'नाही' म्हणावं तर ते आपण म्हटलेलं असणार. याच एका शब्दातून सुटायला तर त्यांनी जागरांक शोधला होता. बाहेरून रुग्णवाहिकेचा चालक दुसऱ्यांदा डोकावून गेला.

डॉक्टरांनी प्रश्न रद्द केला. ओळीवर परत जाऊन ते दोन शब्द खोडले आणि तिथं सात लिहिलं. मॅक्रो पुन्हा चालवला. आता त्यानं कुणालाच काही विचारलं नाही.

काचेपलीकडे दत्तारामच्या खाटेवरचा शीतनाचा निळा दिवा विझला. प्रेमा सिस्टर स्ट्रेचर आणायला धावली. इंदूबाई घाईघाईनं मागं वळल्या.

"बाई, दिवा का गेला? कसे आहेत हे?"

डॉ. सबनीसांनी तोंड उघडलं. यंत्रानं ठरवलं, असं सांगायचं त्यांच्या मनात होतं.

"आहे तसंच आहे," त्या म्हणाल्या.