मानकऱ्यांना पुकारा

चैत्राच्या उन्हात निमगाव सावाचा घाट नुसता पेटला होता. बैलगाड्यांच्या शर्यतीची धावपट्टी ती. इकडं तिला घाटच म्हणतात. दोन्ही कडांना माणूसच माणूस, वर गुलाल, खाली धुरळा, आणि त्या सगळ्यावर तरंगणारा एक आवाज…

"काजळाची रेघ डोळ्यात, घुंगुरमाळ गळ्यात,
पेंढारची जोडी आली, वारा घेऊन मळ्यात… भिर्रर्रर्र!"

तेजस्विनीला त्या आवाजाशी काही देणंघेणं नव्हतं. तिची स्कूटी एका टेम्पोमागं अडकली होती. ती तरातरा स्टेजवर चढली.

"भाऊ, तेवढं टेम्पोवाल्याला पुकारा ना."

माईकवाल्यानं वळून पाहिलं. एका भुवईवर गुलाल, डोळ्यांत खट्याळ हसू.

"पुकारतो की. पण भाऊ सोडून काय बी म्हणा."

"मग काय म्हणू?"

"आईनं सुदर्शन ठेवलंय. ते बी चालंल."

"बरं, सुदर्शनराव… आधी टेम्पो!"

पण तेवढ्यात यात्रा कमिटीचे भगवंतआण्णा त्याच्या कानाला लागले, आणि त्याचा आवाज एकदम मऊ झाला. साजूक तुपासारखा.

"मंडळी, गेल्या यात्रेला याच स्टेजवर फेटा बांधून घेऊन दुसऱ्या नंबराचं बक्षीस जाहीर करणारे आपले सन्माननीय मानकरी, कुशाबाशेठ! शेठचा गावाला अभिमान आहे. त्यांनी शब्द दिला, आपण टाळ्या दिल्या. बक्षीस अजून वाटंवर आहे. शेठ… गाव वाट बघतंय."

आणि तो गप्प झाला. अख्खा घाट गप्प झाला. एकेक मुंडकं वळत वळत मांडवातल्या दुसऱ्या रांगेकडं गेलं. तिथला एक गुलाबी फेटा आधी खाली झुकला, मग हळूच उठला, आणि त्याचा हात खिशाकडं गेला. हशा असा फुटला की बैल बुजले.

इकडच्या यात्रांची ही रीतच आहे. शब्द माईकवर दिला, तर त्याची आठवणही माईकवरच. तेजस्विनी लहानपणापासून हे ऐकत आली होती. पण आज तिच्या अंगावर काटा आला. ती टेम्पो विसरली.

"हे मला शिकवाल?"

"का? कुणी बुडवलंय तुम्हाला?"

"मलाही काही मानकऱ्यांना पुकारायचंय."

"कुठल्या गावचे?"

"लांबचे. विमानानं जावं लागतं."

सुदर्शननं माईक हातानं झाकला. कितीतरी वेळ तो तिच्याकडं बघतच राहिला… आणि पुढची जोडी पुकाराविना सुटून गेली.

—

नारायणगावातल्या एका लहानशा संस्थेत ती एचआयव्हीचं काम करायची. सरकारी दवाखान्यात गोळ्या मिळत होत्या, मिळतच राहणार होत्या. पण घाबरलेल्या माणसाला गोळीपर्यंत नेणारं, त्याच्या दारात बसून धीर देणारं माणूस लागतं. त्या माणसांचा पगार परदेशातल्या मदतीतून यायचा. मोठमोठ्या सभांत श्रीमंत देशांनी ही मदत जाहीर केली होती. टाळ्या झाल्या, फोटो निघाले. मग एकेकानं हात आखडता घेतला. पगार थांबले, इथल्या चार बायका घरी बसल्या. आफ्रिकेतली तिची एक मैत्रीण, जी फक्त मोबाइलच्या पडद्यावर भेटायची, तिच्या गावचा तर दवाखानाच बंद झाला होता. तिथं गोळीसुद्धा नव्हती.

आता त्या देशांची पुन्हा सभा होती. आजाराशी संबंधित माणसांना ऑनलाइन बोलायला दोन-दोन मिनिटं मिळणार होती. मराठीत बोललं तरी चालणार होतं, दुभाष्या होता. त्यातली दोन मिनिटं तेजस्विनीची.

"दोन मिनिटांत तर मी चार जोड्या पळवतो," सुदर्शन म्हणाला.

मग निमगावनंतर पिंपरी पेंढारची यात्रा आली. घाट सुरू व्हायच्या आधी, चिंचेखाली, बंद माईक हातात धरून तिची शिकवणी चालायची.

"आधी मान द्यायचा. चिडलीस की हरलीस. मग त्यांनी दिलेला शब्द, जसाच्या तसा. आन् मग… गप."

"नुसतं गप?"

"लई अवघड असतंय ते. माणसाला वाटतं, कायतरी बोलून टाकावं. बोलायचं न्हाई. तिथं त्यांना घाम फुटू द्यायचा. चल, मी गोरा सायब. पुकार मला."

"सन्माननीय सायब…"

"बोला बाई," तो नाकात म्हणाला, "पण आमाला बी लई खर्च आहे हो. लढाया का कमी लढतो आम्ही?"

तेजस्विनीला गप्प राहायचं होतं. ती हसत सुटली. ओढणीत तोंड लपवून हसली. तो नाकात बोलायचा थांबला, पण बघायचा थांबला नाही. 'तुम्ही' कधी गळून पडलं नि 'तू' कधी आलं, ते चिंचेलाच ठाऊक.

"तुझं पहिलं वाक्य काय आहे?" त्यानं एकदा विचारलं. "रोज दुसऱ्यापासनं सुरू करतीस."

"आहे एक… तिथंच म्हणेन."

घरी साळूमावशी तिला न्याहाळायची. आईबाप गेल्यावर हिनंच तिला वाढवलं होतं. "यात्रा अंगात आली का माझ्या पोरीच्या?" ती विचारायची. तेजस्विनी पीठ मळायला घ्यायची. आणि भाकरी थापताना तोंडात कुणाची तरी ओळ घोळत असायची… भिर्रर्र.

—

महाळुंगे पडवळच्या घाटात ते घडलं. सभा दुसऱ्या दिवशी दुपारी होती. सुदर्शनच्या पोटात अभिमान मावेना, आणि त्याच्या हातात तर माईक!

"मंडळी, उद्या दुपारी शर्यती अर्धा तास थांबतील! आपल्या तेजस्विनीताई जगातल्या श्रीमंत देशांना जाब विचारणार आहेत. आन् ते दिसणार, आपल्या ह्याच मोठ्या पडद्यावर! भगवंतआण्णांनी परवानगी दिलीय. टाळ्या!"

टाळ्यांचा पाऊस पडला, आणि तेजस्विनीच्या पायाखालची माती सरकली.

त्याला तिनं स्टेजमागं गाठलं.

"कुणाला विचारून पुकारलंस?"

"अगं, गावाला कळू दे की तू…"

"काय कळू दे? पहिलं वाक्य विचारत होतास ना? ऐक." तिनं आजूबाजूला पाहिलं. "मी तेजस्विनी. जन्मापासून मला एचआयव्ही आहे… हे आहे पहिलं वाक्य. सातासमुद्रापार म्हणायला मला भीती नव्हती. इथं फक्त मावशीला माहीत आहे. आणि आता तुला."

सुदर्शननं हातातला माईक बंद आहे ना, ते आधी बघितलं.

"मी रोज गोळी घेते. विषाणू इतका दबलाय की तपासणीत दिसत नाही. माझ्यापासून कुणाला लागणार नाही. पण गाव ते ऐकेपर्यंत उठून गेलेलं असेल…"

"मी… मी आलोच," एवढंच तो म्हणाला. माईक भगवंतआण्णांच्या हातात कोंबून त्यानं मोटरसायकलला किक मारली. धुरळा खाली बसला तरी ती तिथंच उभी होती.

संध्याकाळी मावशी म्हणाली, "पडदा बंद पडला म्हणून सांगू. कोण विचारतंय?"

"आणि तिकडं काय सांगू? मीच तोंड लपवलं, तर त्यांना तोंड दाखवा म्हणायचं कुठल्या तोंडानं?"

मावशीनं तिची वेणी सोडली आणि परत घातली. घट्ट.

—

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा सुदर्शन स्टेजवर तारा जोडत होता. डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली. त्यानं वर पाहिलं, काहीतरी बोलायला गेला. तेवढ्यात पडद्यावर चौकोनच चौकोन उमटले. सूट घातलेली माणसं, पाण्याच्या बाटल्या, परके झेंडे. दुभाष्यानं तिचं नाव पुकारलं.

"नमस्कार. मी तेजस्विनी. जन्मापासून मला एचआयव्ही आहे."

घाटावरून एक लाट गेली. कुजबुज… मग काहीच नाही. कोण उठलं, कोण बसलं, तिनं पाहिलं नाही.

"सन्माननीय देशांनो, तुमच्या मदतीनं माझ्यासारखी कितीतरी लेकरं मोठी झाली. त्याचा आम्हाला अभिमान आहे. ह्याच व्यासपीठावर तुम्ही म्हणाला होता, एकही माणूस मागं राहणार नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या. माझ्या मैत्रिणीच्या गावचा दवाखाना बंद आहे. ती दुसऱ्यांच्या लेकरांना सांभाळायची. आज तिलाच कुणी सांभाळायला उरलं नाही. आम्ही दान मागत नाही, तुमचा शब्द मागतोय. मानकरीहो… जग वाट बघतंय."

आणि ती गप्प झाली.

अवघड होतं ते. पडद्यावर एकानं कागद हलवले, एकानं चष्मा पुसला. बोलून टाकावं, माफी मागावी, हसावं… तिनं ओठ घट्ट मिटले. तिच्यामागं महाळुंग्याचा सारा घाट गप्प बसला होता. शर्यतीतली माणसं ती, गप्प कधी बसायचं हे त्यांना शिकवावं लागत नाही. आणि त्या दूरच्या चौकोनांत मुंडकी हळूहळू एका बाजूला वळू लागली.

शेवटी पिकल्या केसांच्या एका बाईनं माईक चालू केला. दुभाष्याचा आवाज आला, "आमच्या देशानं शब्द दिला होता, हे खरं आहे. तो अजून पाळलेला नाही, हेही खरं. संसदेत मी हे असंच मांडीन, आणि उत्तर घेऊन इथंच येईन."

पैसा आला नव्हता. पण कबुली आली होती, आणि तीही माईकवर!

सगळ्यात आधी भगवंतआण्णा उठले. फेटा सावरत ओरडले, "पोरी… नाद केलास गं!" मग घाट फुटला. काहीजण निघून गेले होते, ते तिला दिसलंही. पण एक अनोळखी बाई स्टेजच्या कोपऱ्याशी येऊन हळूच विचारत होती, "ताई, तपासायला कुठं यायचं?"

तिला पत्ता सांगून तेजस्विनी वळली. समोर सुदर्शन.

"काल पळालास," ती म्हणाली.

"पळालो. थेट दवाखान्यात. तुझं नाव न्हाई घेतलं, एक मुलगी आहे म्हणलं. बंद व्हायची वेळ झालती, तरी डॉक्टरीणबाईंना उठू दिलं न्हाई. गोळ्यांचं विचारलं. लग्नाचं विचारलं. पोराबाळांचं बी विचारलं. म्हणल्या, सगळं व्हतं नीट." तो हातातली तार गुंडाळू लागला. "मग हसल्या आन् म्हणल्या, अहो, मुलगी हो म्हणाली का?"

"मग?"

"म्हणलं, ते विचारायचं राह्यलं. आधी माफी मागायचीय… न विचारता पुकारलं. पुन्हा न्हाई करणार."

"आणि?"

"आन् आता विचारतोय. हळू आवाजात."

खाली निशाण पडलं, अंतिम फेरीची जोडी सुटली आणि आरोळ्यांनी आभाळ भरून गेलं. त्या गलक्यातच तेजस्विनीनं उत्तर दिलं.

"ऐकू न्हाई आलं," तो म्हणाला. साफ खोटं! त्याचे कान लालबुंद झाले होते.

तिनं त्याच्या आणखी जवळ जाऊन ते पुन्हा सांगितलं.