पोकळ पीस

मार्चच्या शेवटी आमच्या कचेरीत दोन नवे संगणक आले, आणि त्याच दुपारी कळलं की आमचा जुना प्रोग्रॅम त्यांच्यावर चालत नाही.

कचेरी म्हणजे काराकोल शहरातल्या एका गल्लीतलं निळ्या खिडक्यांचं लाकडी घर. झूरा एजेंनी – वडीलधाऱ्या बाईला आम्ही एजे म्हणतो – उभ्या आयुष्यात गोळा केलेली शोकगीतं तिथे ठेवली आहेत. घरातलं माणूस गेलं की आमच्याकडच्या बायका तंबूत भिंतीकडे तोंड करून बसतात आणि गेलेल्याला हाका मारत गातात. तरुणपणी एजे जड टेपरेकॉर्डर घोड्यावर लादून गावोगाव हिंडल्या आणि ती गाणी उतरवून आणली. आकिल त्या टेपा साफ करून संगणकात भरतो. मी, नुरझात, यंत्रं सांभाळते. जुन्या डिस्क कुरकुरायला लागल्यापासून सगळ्या गाण्यांची एक प्रत आम्ही त्या जुन्या प्रोग्रॅममधून क्लाउडवर ठेवत होतो. पण नव्या संगणकांच्या चिपची जातच वेगळी होती. जुना प्रोग्रॅम त्यांच्यावर उघडायचा, जरा वेळ चाकासारखा फिरायचा आणि मिटायचा.

"म्हणजे नवी गाडी घेतली आणि तिला पेट्रोल चालत नाही," आकिल म्हणाला.

"तसंच. दुसरं काही शोधते," मी म्हणाले.

"लवकर शोध गं," झूरा एजे स्टोव्हपाशी बसल्या बसल्या म्हणाल्या. "जुन्या डिस्क रडायला लागल्यात. त्या गेल्या तर माझ्या बायका दुसऱ्यांदा मरतील."

मी दोन प्रोग्रॅम निवडले आणि दोन्हींवर माझ्याच नावाने खाती उघडली. चाचणीसाठी एकच रेकॉर्डिंग घेतलं. झूरा एजेंच्या थोरल्या बहिणीने, उमसुनाय एजेंनी, वडील गेले तेव्हा गायलेलं शोकगीत. त्यातला प्रत्येक श्वास झूरा एजेंना पाठ होता. कुठे काही बिघडलं तर त्यांच्या कानांना लगेच कळलं असतं.

पहिला प्रोग्रॅम जुन्या चिपसाठी लिहिलेला होता. नव्या यंत्रावर तो मधे दुभाषी बसवल्यासारखा चालायचा. काम व्हायचं, पण संगणक इतका तापायचा की आकिलने त्यावर रोटी गरम करायला ठेवली.

दुसरा नव्या यंत्रांसाठीच बनवलेला होता. त्याच्या चिन्हात एक निळं पीस होतं, म्हणून आम्ही त्याला 'पीस' म्हणायला लागलो. पीस चालू आहे हेसुद्धा जाणवायचं नाही. संगणक थंडगार. आवाज नाही. फाईल टाकली की पापणी लवण्याआधी वर पोचलेली असायची. शिवाय तो जागा मोकळी ठेवायचा. फाईलचं नाव आपल्या यंत्रावर दिसायचं, आतला ऐवज मात्र तिकडेच राहायचा. ऐवज आपल्याकडे असला तर नावाशेजारचं पीस भरलेलं, नसला तर नुसती पिसाची रेघ, आत पोकळ.

"हाच घे," आकिल म्हणाला. "काय शोधतेस अजून?"

मीही तेच ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिसातून ते शोकगीत उघडलं. झूरा एजे चहाचा पेला घेऊन माझ्या मागे उभ्या होत्या. गाणं जसंच्या तसं होतं. शेवटची ओळ आली, आवाज खाली उतरला, संपला.

आणि रेकॉर्डिंग पुढे चालू राहिलं.

आधी नुसता श्वास. मग पावलं, चिखलात बूट रुतल्यासारखी. मग एक म्हातारा, खरखरीत आवाज. "कारालाऽ! ये गं बाई. आकमोयूनऽ! किती उशीर!"

"हे टेपवर नव्हतं," आकिल म्हणाला.

"तू शेपूट कापलं असशील," मी म्हणाले.

"मी? नुरझात, ती टेप मी माझ्या हाताने उतरवली आहे. गाणं संपतं तिथे फीतच संपते."

झूरा एजेंनी पेला टेबलावर ठेवला. "आवाज तिचाच आहे. पण आजचा. तेव्हा तिचा गळा घंटेसारखा होता." त्या जरा थांबल्या. "आणि काराला ही गाय तिने मागच्या वर्षी घेतली."

मग मी मला सुचलं ते सांगितलं. इशेन, उमसुनाय एजेंचा मुलगा, मावशीला अधूनमधून फोनवरून आवाज धाडायचा. तसला एखादा तुकडा चुकून जोडला गेला असेल. झूरा एजेंनी मान हलवली. पटल्याची नव्हती ती मान.

दुपारी इशेनचाच फोन आला. एजेंनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"मावशी, आईचं काहीतरी बिनसलंय. सकाळी गाईंना हाक मारायला फाटकाशी गेली आणि तोंड उघडून नुसती उभी. मला म्हणते, यांना काय म्हणतात रे? मी म्हटलं, आई, चेष्टा करतेस का?"

"वय झालंय रे तिचं," झूरा एजे म्हणाल्या. त्यांचे डोळे माझ्या संगणकावर होते.

मी तर्काने चालणारी बाई आहे. मी मूळ फाईल आणि पिसातली फाईल शेजारी शेजारी ठेवल्या. पिसातली मोठी होती. संध्याकाळी पाहिली तेव्हा आणखी मोठी झालेली होती. आमच्या बाजूने कुणी हात लावलेला नव्हता. मी कंपनीला पत्र लिहिलं. लगेच उत्तर आलं, गोड भाषेत: आपल्या फाईलमधला सर्व बदल आपल्याच खात्यातून झाला आहे.

पुढचे काही दिवस आम्ही ते ऐकत गेलो. ऐकायचं नाही असं रोज ठरवायचो आणि रोज ऐकायचो. लोकर लाल रंगवायला कुठली मुळं उकळायची, ते. सासूने दिलेली शिवी. बोरसोकच्या, म्हणजे तळायच्या पुऱ्यांच्या, पिठात मीठ किती, आणि ते चाखून कसं ओळखायचं. कुणाला सांगत असल्यासारखं नाही, चूल सारवताना बाई स्वतःशी पुटपुटते तसं. मागे कुठेतरी कोंबड्या, कुठेतरी नळाचं पाणी. झूरा एजे खुर्चीच्या पाठीला हात लावून ऐकत उभ्या राहायच्या.

"बोरसोक केले तिने काल," एक दिवस त्या म्हणाल्या. "इशेन म्हणाला, मीठच नव्हतं."

"एजे, तुम्ही एकदा जाऊन या ना," आकिल म्हणाला. त्याने त्या दिवशी एकही विनोद केला नव्हता.

झूरा एजे दुसऱ्या दिवशी सकाळच्या मिनीबसने गावाला गेल्या. आकिल आणि मी कचेरीत थांबलो. बाहेर बर्फ वितळून गल्लीत राड झाली होती. मी पीस उघडलं. गाणं गेलं, गाई गेल्या, मीठ गेलं, आणि मग नवीन काही सुरू झालं.

"तोरगोय," म्हातारा आवाज म्हणाला. अगदी मायेने. "ए तोरगोय, अशी ओली होऊन नको येऊस. ये, पाय शेक."

तोरगोय म्हणजे चंडोल. झूरा एजेंना त्या नावाने हाक मारणारं जगात एकच माणूस उरलं होतं.

माझा फोन वाजला. झूरा एजेंचा होता.

"नुरझात." त्या अगदी हळू बोलत होत्या. "तिने मला पाहुण्यांच्या जागी बसवलंय. चांगला पेला काढलाय. मला विचारते, आपण कुणाकडच्या?"

मी चालू असलेला आवाज थांबवला.

"तिकडे काही वाजलं का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"काय?"

मी सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "बंद कर ते. आत्ताच्या आत्ता पुसून टाक."

मी फोल्डर निवडला. पुसायच्या खुणेवर बोट नेलं, तेवढ्यात आकिलने माझं मनगट घट्ट धरलं.

"वेडी झालीस? पुसलंस तर ते कुठे जाईल?"

मी पडद्याकडे पाहिलं. नावाशेजारी पिसाची नुसती रेघ होती. आत पोकळ. आमच्या यंत्रावर फक्त नाव होतं. ऐवज तिकडेच.

आणि त्याच्या वर, सकाळपासून आम्ही न वाचलेली एक ओळ होती. आपली मोफत चाचणीची मुदत आज संपत आहे. त्यानंतर आपला ऐवज कायमचा काढून टाकला जाईल.

"खाली उतरव," आकिल म्हणाला. "सगळं. इकडे आण."

मी 'या यंत्रावर ठेवा' दाबलं. एरवी क्षणात होणारं काम. निळी पट्टी जेमतेम हलली आणि थांबली.

पीस चालू असताना नवा संगणक पहिल्यांदाच तापायला लागला.

"एजे, फोन ठेवू नका," मी म्हणाले. "त्यांच्याजवळ बसा. बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही!"

पट्टी थोडी सरकली. फोनमधून झूरा एजेंचा आवाज येत होता. वडिलांचा राखाडी घोडा, तळ्यावरचा वारा, दोघी एका पांघरुणात झोपायच्या ते. मध्येच त्यांचा आवाज फाटत होता. समोरून उमसुनाय एजेंचं नुसतं, पाहुणीचं ऐकतात तसं, "हो का? असं का?"

पट्टी अर्ध्यावर आली.

आकिलने खिडकी उघडून संगणक गार हवेत धरला. त्याचे हात पोळत होते, पण त्याने सोडला नाही.

पट्टी थांबली.

"मीठ," फोनमध्ये तो खरखरीत आवाज अचानक म्हणाला. "इशेन, काल मीठ विसरले का रे मी?"

पट्टी सरकली.

स्टोव्हमध्ये एक लाकूड खचलं.

पीस हळूहळू भरत गेलं. टोकापर्यंत भरलं.

"तोरगोय," फोनमध्ये उमसुनाय एजे म्हणाल्या, "रडतेस काय अशी? चहा गार झाला बघ तुझा."

आकिल खाली जमिनीवर बसला. मी खातं बंद केलं, पीस यंत्रावरून काढलं, आणि उतरलेली फाईल चालवून पाहिली. शोकगीत. शेवटची ओळ. तिथेच ती संपत होती. आकारही जुन्या प्रतीइतकाच, काडीचा फरक नाही.

आम्ही पहिला प्रोग्रॅम घेतला. तो संगणक तापवतो, मधूनमधून अडतो, जागा खातो, पण पूर्ण फाईल आपल्याकडे ठेवतो. संगणक देणाऱ्या संस्थेने विचारलं, नव्या यंत्रांना शोभेल असा वेगवान का नाही घेतला? मी लिहिलं की चाचणीत त्याच्यावर भरवसा वाटला नाही. हे खरंच होतं. तिघांनीही त्यावर पुन्हा बोलणं काढलं नाही.

मे महिन्यात सफरचंदाची झाडं फुलली होती तेव्हा झूरा एजे मला बहिणीकडे घेऊन गेल्या. मी उमसुनाय एजेंना प्रथमच भेटत होते. बाई अगदी टुणटुणीत. गाईंना नावानिशी शिव्या घातल्या, इशेनला पाण्याला पिटाळलं, बोरसोक तळले आणि मीठ पुरेसं आहे का ते मलाच चाखायला लावलं. मिठाचा अंदाज नेमका होता. झूरा एजे अंगणात कोवळ्या उन्हात डुलक्या घेत होत्या. मला कित्येक दिवसांत इतकं हलकं वाटलं नव्हतं.

आम्ही दोघी ओसरीवर चहा घेत बसलो. त्या माझ्याकडे पाहून हसल्या.

"लाल बूट होता ना तो?" त्या म्हणाल्या. "ओढ्याला पूर आला होता. बाबांनी खांद्यावर घेतलं, आणि एक बूट गेला वाहून. काय रडणं ते! पाणी तरी किती गार!"

"कुणाचं सांगताय एजे?"

"तुझं गं."

माझे वडील जाऊन बरीच वर्षं झाली. ते आमच्या दूरच्या नारीन गावाकडचे, इकडे कधी आलेलेच नाहीत. मी म्हटलं, "तुम्हाला कुणी सांगितलं हे?"

"सांगायला कशाला हवं कुणी?" त्यांना आश्चर्य वाटलं. "मला आठवतंय ना."

म्हातारी माणसं एकाचं दुसऱ्याला जोडतात. मी हसून पेला खाली ठेवला, आणि तरीही तिथूनच आईला फोन लावला. लहानपणी माझा लाल बूट कधी ओढ्यात वाहून गेला होता का, एवढंच विचारलं.

"अगं, हे काय विचारणं झालं?" आई म्हणाली. "तूच तर सांगतेस नेहमी. यंदा मार्चमध्ये नवरोजच्या सणाला सगळ्या पाहुण्यांना सांगितलंस. आणि मग बाबा तुला काय म्हणाले, ते तर तू असं सांगतेस की हसून हसून पोट दुखतं. सांग ना, काय म्हणाले होते ते?"

मी आठवायला लागले. ओढा नाही, बूट नाही. बाबांचे खांदे कसे होते तेही मला सांगता येईना. आठवलं ते एवढंच, की पिसावरचं ते खातं माझ्याच नावाचं होतं.

समोर उमसुनाय एजेंनी डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडावर धरलं होतं. त्यांचे खांदे हलत होते. त्यांना हसू आवरत नव्हतं.