महिपतचा जीवखडा

खोटं वाटत असेल तर वाचू नका! पण भागोजीच्या तोंडावर हे खोटं म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

साल एकोणीसशे एकतीस. खेडजवळ, जगबुडीच्या काठावर.

तिथे भिकाजीशेठने लोहखनिज दळायचा कारखाना घातला होता. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारं मोठं लोखंडी पिंप. आत खनिज, आणि ते चिरडायला एक पाळी लोखंडी गोळे, एक पाळी नदीचे गोटे. दोन्हींत सरस काय, ते शेठला ताडून बघायचं होतं.

गोळ्यांच्या पाळीत, तिथे कामाला असलेला भागोजीचा थोरला भाऊ महिपत पट्ट्यात सापडला.

"थांबवा!" तो ओरडला.

शेठने इंजिन थांबवलं नाही. म्हणे, मध्येच थांबवलं तर पाळी फुकट जाईल!

अरे मेल्या, माणूस चिरडतोय आणि तुला पाळी सुचते?

महिपत गेला. चितेपाशी ज्या दगडाने मडकं फोडतात, त्या जीवखड्यात गेलेल्याचा जीव राहतो. दहाव्याला तो नदीत सोडला की माणूस सुटतो. भागोजीने तो काठावर दर्भाखाली ठेवला होता.

दहाव्याला येऊन बघतो तर दर्भ होता…

खडा नव्हता.

शेठच्या गाड्यांनी काठावरचे सगळे गोटे उचलून नेले होते.

भागोजी धावत कारखान्यात गेला. पिंप फिरत होतं.

"शेठ, बंद करा! माज्या भावाचा जीव हाय त्यात!"

"दगड तो दगड. पाळी पुरी होऊ दे."

आणि पिंपाचा आवाजच गेला…

पिंप फिरतंय. आत एवढे गोटे. पण खडखड नाही.

मग आतून एकच ठोका…

"थांबवा…"

महिपतचाच आवाज!

शेठनेच इंजिन बंद केलं. पट्टा थांबला. पिंप मात्र फिरतच राहिलं… मग आपणहून थांबलं.

आतले गोटे झिजून सारखेच झाले होते. खडा ओळखायचा कसा? भागोजीने रडत, शिव्या घालत सगळेच नदीत सोडले.

पिंड मांडला. कावळा शिवेना.

"दादा, वयनीला सांभाळीन."

कावळे ढिम्म.

"पोरांना उपाशी ठेवनार नाय."

नाहीच.

भागोजीचं डोकं फिरलं. "भिकाजीला सोडनार नाय!"

कावळ्यांनी झडप घातली…

भागोजीने शेठला बोटही लावलं नाही. दुसऱ्या दिवशी शेठ पिंपात चिरडलेला सापडला. झाकण बाहेरून घट्ट. इंजिन थंडगार.

"शब्द मी दिला हुता," भागोजी म्हातारपणीही विचारायचा. "पाळला कुनी?"