बोललं कोण, गादोबा की तो?

गादी उभी राहीपर्यंत सगळं छान चाललं होतं. त्यापुढे जराशी कलंडली की तिची नुसती पट्टी उरायची, आणि मग पडद्यावर फक्त आभाळ.

ती सकाळपासून हेच बघत बसली होती. लहान मुलांच्या मालिकेतली उडती गादी, नाव गादोबा, स्वभाव कुरकुरा. चित्रं काढणारे दुसरे होते. त्या चित्रांना पडद्यावर हलवणारे प्रोग्राम ती लिहायची, आणि गादोबाला हवेत कोलांटी मारायला लावायचं काम तिच्या वाट्याला आलं होतं.

"अहो, मी गेलो कुठे?"

मागून आवाज आला. जाडा, घोगरा, नुकताच झोपेतून उठल्यासारखा. तिने वळून पाहिलं तर दारात एक किडकिडीत, उंच तरुण उभा. त्या आवाजाचा त्या अंगकाठीशी काही म्हणजे काही मेळ बसत नव्हता.

"तुम्ही कोण?"

"मी गादोबा. रेकॉर्डिंगची खोली शोधत होतो. इथे बघतो तर माझाच पत्ता नाही."

ती वैतागायला हवी होती, पण हसली. "याल परत. तुमच्या मापात काहीतरी गडबड झालीये."

"माझ्या मापात? जेवण कमी करू का?"

"बसा, दाखवते." तिने टेबलावरची फाइल उचलली. "चित्र एका सरळ चौकटीत बसवावं लागतं. चौकटीबाहेर गेलेलं दिसत नाही. गादी आडवी असली की चौकट लांब आणि बुटकी. पण तिरकी केली..." तिने फाइल तिरपी धरली. तो बघायला वाकला. लवंगेचा मंद वास आला. "...तर चौकटीची लांबी-उंची नव्याने मोजायची. गादीच्या लांबीतला थोडा वाटा, जाडीतला थोडा वाटा, आणि दोन्हींची बेरीज. गादी उभी होईपर्यंत माझं गणित बरोबर येतं. नंतर काय बिघडतं, तेच कळत नाहीये."

"मग मी उलटा होतच नाही. पडून राहतो."

"गोष्टीत लिहिलंय, तुम्ही उलटे होता."

"लिहिलंय म्हटल्यावर व्हायलाच हवं," गादोबाने सुस्कारा सोडला. आणि तो माणूस... तिच्याकडे असा बघत राहिला, की हातातली फाइल कुठल्या कोनात धरली होती, ते ती विसरली.

तेवढ्यात आवाजाचं काम बघणारे काका आले आणि त्याला घेऊन गेले.

जेवणानंतर चूक सापडली. तिने ती साहेबांना सांगायची सोडून आधी रेकॉर्डिंगची खोली गाठली. असं का केलं, ते तिचं तिलाच कळलं नाही.

"उभ्याच्या पलीकडे वळलं की लांबीचा वाटा उणे येतो," ती धापा टाकत म्हणाली. "मी तो तसाच बेरजेत टाकत होते. म्हणजे मिळवायच्या ऐवजी वजा होत होता. चौकट आक्रसत आक्रसत नाहीशी व्हायची. उणे चिन्ह काढलं, झालं काम."

"एवढीशी रेघ मला गिळत होती?"

"हो."

"माझी इतकी काळजी आजवर कुणी घेतली नव्हती, मापाच्या बाई."

हेही गादोबाच्याच आवाजात. ती हसली, पण परत जागेवर येऊन बसल्यावर कितीतरी वेळ तेच वाक्य मनात घोळवत राहिली.

मग तो रोजच डोकवायला लागला. कधी चहाचा कप घेऊन, कधी नुसताच. गादोबा तिच्या टेबलाशी येऊन कुरकुरायचा, आणि ती कामाचं नाव काढून त्याला थांबवून घ्यायची.

"आज काय म्हणाला?" संध्याकाळी ताईने विचारलं. दोघी बहिणी एकत्रच राहायच्या, आणि ताईपासून काही लपायचं नाही.

"म्हणाला, तुम्ही निळ्या रंगात छान दिसता."

"मग?"

"मग काय... हे तो म्हणालाच नाही. गादोबा म्हणाला."

कपड्यांच्या घड्या घालणारा ताईचा हात थांबला. "डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? गादी कशी म्हणेल?"

"तेच तर कळत नाही गं."

खरंच कळत नव्हतं. त्याचा स्वतःचा आवाज तिने कधी ऐकलाच नव्हता. सरळ काही विचारलं की तो मान हलवायचा, नाहीतर गादोबाला पुढे करायचा. तुम्ही राहता कुठे, तर म्हणे खाटेवर. थट्टा करत होता का? सगळ्यांशीच असा बोलत असेल? पण काकांशी तर तो अवाक्षर बोलायचा नाही. म्हणजे... म्हणजे काय?

शेवटच्या भागाच्या रेकॉर्डिंगला दिग्दर्शिका बाई आजारी पडल्या. चित्र आणि आवाज जुळतात का बघायला हिलाच काकांशेजारी बसवलं. काचेपलीकडे तो. गादोबा आपल्या छोट्या मैत्रिणीचा निरोप घेतो, एवढाच प्रसंग उरला होता.

"चल, येतो मी," गादोबा म्हणाला. मग थांबला. कागदावरून नजर न उचलता म्हणाला, "तुझ्याशिवाय मला करमणार नाही. कळतंय का तुला?"

तिने काचेपलीकडे बोलायचं बटण दाबलं. "छान. फक्त जरा जास्तच गोड झालं. गादोबा कुरकुरा आहे ना? परत एकदा घेऊ या."

त्याने काचेतून तिच्याकडे पाहिलं. मग "चल, येतो मी" एवढंच म्हणाला, हेडफोन खुंटीला अडकवला आणि निघून गेला.

"पुढचं वाक्य गाळलं त्यांनी," ती म्हणाली.

काकांनी चष्म्यावरून बघितलं. "ते कागदावर नव्हतंच, पोरी."

तिने कागद ओढून घेतला. खरंच नव्हतं. "मग... ते बोललं कोण?"

"मला काय विचारतेस? उद्या तो नाटकाच्या दौऱ्यावर चाललाय, दोन महिने. त्यालाच जाऊन विचार."

ती जिने उतरून धावत सुटली. बाहेर भुरभुर लागली होती. तो कोपऱ्यावरच्या बसथांब्याच्या छपराखाली उभा होता.

"ते वाक्य," ती कशीबशी म्हणाली, "गादोबाचं होतं की तुमचं? मला कळत नाही. इतके दिवस मला काहीच कळत नाहीये. आणि आता त्या आवाजात उत्तर दिलंत, तर मी इथून निघून जाईन."

त्याने तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं.

"म... म-म..."

बारीक, मऊ आवाज. पहिल्याच अक्षरावर अडलेला. आता तिच्या ध्यानात आलं. गादोबा कधी अडत नव्हता. पुढचा शब्द तिला ठाऊक होता, ओठांवरही आला होता. तिने तो तसाच दाबून धरला आणि उभी राहिली. बस आली. ड्रायव्हरने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि बस पुढे काढली.

"म-मीच," तो म्हणाला. "दुसऱ्याच्या आवाजात अ-अडत नाही. माझ्या आवाजात... वाटलं, तुला ह-हसू येईल."

तिला हसू आलं नाही. डोळेच भरून आले, आणि ते का, हेही तिला सांगता आलं नसतं.

"तू मला आवडतेस." हे वाक्य मात्र सलग आलं. तोच दचकला.

"मला... म्हणजे मी पण... नाही, थांबा. मला नीट सांगता येत नाहीये."

आता तो थांबला. मघाशी ती थांबली होती तसाच, मधे एक शब्द न घालता.

"उद्या गाडी किती वाजता?" तिने शेवटी विचारलं.

"स-सातला."

"मी सोडायला येते."

त्याने मान हलवली. चेहरा थोडा उतरला. "ए-एवढंच?"

"नाही. घ्यायलाही येणार आहे. तुम्ही फक्त लवकर या..."

बोलता बोलता तिने स्वतःचंच 'तुम्ही' ऐकलं, आणि 'नाही' अशी मान हलवली.

"ये," ती म्हणाली. "लवकर ये."