एकाच दिवशी दोन केक

ऑपरेशन थिएटरच्या दारात दोघं धडकले. दोघांच्याही हातात बर्फाचा डबा.

"त्वचा न्यायला आलायस?" तुवानं विचारलं.

"हो. आणि तू?"

"रक्त. त्याच पेशंटचं."

एलोफ हसला... आणि स्वीडनमधल्या लुंडच्या त्या फेब्रुवारीत दडी मारलेलं ऊन कुठं होतं, ते तुवाला सापडलं!

जिन्यातच जुंपली, शरीराच्या रक्षक टी-पेशींवरनं.

"तुझ्या टी-पेशी बसक्या! एकदा रोगाशी लढल्या, आठवण ठेवली, की त्वचेतच ठाण मांडायचं. माझ्या बघ, रक्तातनं गावभर हिंडतात."

"हिंडू देत. पण रोग परत आला की दारात पहिलं कोण? माझ्याच!"

"आळशांचा वकील!"

प्रयोगशाळेत त्यानं त्वचेचा तुकडा पेशी सुट्या करणाऱ्या रसायनात टाकला. तिनं पेशींना चमकता रंग लावला. ते मुरेपर्यंत एक कॉफी.

कॉफी पिताना तिनं सांगून टाकलं, "स्वित्झर्लंडला, बाझेलमधे नोकरी मिळतेय. उद्या कळवायचंय."

बोल की काहीतरी, तिला वाटलं... एलोफनं फक्त दुसरी कॉफी आणली. मग तिसरी.

परत येऊन बघतात तर रसायनानं त्याच्या पेशींच्या ओळखीच्या खुणाच खाऊन टाकलेल्या! आणि तिची नळी कागदात गुंडाळायची राहिलेली, उजेडात रंग पार उडालेला.

प्रयोगशाळेचा नियम साधा. नमुना बिघडवला की केक आणायचा, आणि सगळ्यांसमोर कारण सांगायचं.

दुसऱ्या दिवशी टेबलावर दोन केक.

"तुझं काय रे बिघडलं?" गुन्वोर, त्यांची प्रमुख, म्हणाली.

"कॉफी... लांबली."

"आणि तुझं गं?"

तुवाचे कान लाल. "कॉफीच... लांबली."

हशा पिकला! "पेशंटनं विश्वासानं दिलेलं असतं, पोरांनो," गुन्वोर केक कापत म्हणाली. "आता आधी काम, मग कॉफी."

नंतर बशा धुताना एलोफ हळूच म्हणाला, "कळवलंस?"

"अजून नाही." ती तीच बशी पुन्हा घासत राहिली. आता म्हणेल, जाऊ नको...

"माझ्या सगळ्याच पेशी बसक्या नसतात गं," तो म्हणाला. "काही त्वचा सोडून रक्तात उतरतात. हिंडणाऱ्यांच्या संगतीनं."

"मग?"

"मग दुसरीकडं कुठंतरी घर करतात. बाझेलमधेही त्वचेवर काम चालतंच की... म्हणजे, चालेल तुला, मीही आलो तर—"

तुवानं साबणाच्याच हातानं फोन काढला. टाइप केलं, 'हो, येते.' पाठवलं. आणि स्क्रीन त्याच्यासमोर धरली.

"हे बाझेलला," ती म्हणाली. "आणि पहिला शब्द तुलाही."